मालकम पेठेची खतावणी

महाबळेश्वरला माणसे पॉइंट पाहायला जातात. पॉइंट म्हणजे काय, हे मात्र परत आल्यावर कुणाला धड सांगता येत नाही. आपण "किती झाले?" असे विचारावे आणि समोरून "अकरा झाले, दोन धुक्यात गेले" असे उत्तर यावे, एवढाच काय तो व्यवहार. टॅक्सीवाला कड्यापाशी गाडी लावतो, "वीस मिनिटं हां, काका," असे बजावतो. आपण कठड्यापर्यंत जातो, खोल दरीकडे पाठ करून फोटो काढून घेतो, मक्याचे कणीस खातो आणि वेळेत गाडीत येऊन बसतो. अशा रीतीने माणूस एका दिवसात एल्फिन्स्टनला जातो, आर्थरला जातो, केटला जातो, बॅबिंग्टनला जातो. पण ही मंडळी कोण, त्यांचे इथे काय काम होते आणि त्यांना आपापल्या नावाचा एकेक कडा कुणी आणि कशाबद्दल दिला, हे विचारायला वीस मिनिटे पुरत नाहीत.

मला हा प्रश्न पडला याचे कारण मी इतिहासाचा अभ्यासक आहे असे नव्हे. मी बी.कॉम. आहे. बँकेत बावीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला कुठेही नाव दिसले की त्याच्यापुढे जमा किती आणि नावे किती हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नपत्रिका वाचतानासुद्धा माझे लक्ष निमंत्रकांत कुणाचे नाव राहिले इकडेच असते. त्यातून माझी नोकरी साताऱ्यात आणि घर सांगलीत. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मी छत्रपतींच्या राजधानीत व्हाउचर तपासतो आणि सुट्टीचे दोन दिवस पटवर्धनांच्या संस्थानात वडिलांची बोलणी खातो. अशा माणसाने महाबळेश्वरची खतावणी उघडून पाहायची नाही, तर कुणी पाहायची?

म्हणून गेल्या नाताळच्या सुट्टीत मी घरात जाहीर केले की यंदा टॅक्सी नाही. १८८५ सालच्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधल्या पानांच्या झेरॉक्स माझ्यापाशी होत्या. त्या हातात घेऊन आपण मालकम पेठेतून निघायचे आणि कडे, तळे, देऊळ असे सगळे पायी करायचे.

"म्हणजे गाईड कोण?" सौ.ने विचारले.

"मी."

"बरं," ती म्हणाली, "मी बुटाचे दोन जोड घेते."

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी मोबाईलवर नकाशा उघडून एकूण अंतर काढले, ते बापाला न सांगता आईला दाखवले, आणि दोघे बराच वेळ गप्प बसले.

मालकम पेठ कुठे आहे, असे तुम्ही महाबळेश्वरच्या स्टँडवर विचाराल तर लोक तुमच्याकडे दयेने पाहतील. कारण तुम्ही तीतच उभे असता. आपण ज्याला सर्रास महाबळेश्वर म्हणतो, ते चणे-चपला-काठ्या-जेलीचे गाव म्हणजे इंग्रजांची मालकम पेठ. खरे महाबळेश्वर म्हणजे देवाचे, ते पलीकडे क्षेत्राला. सर जॉन मालकम हा १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. माणूस स्कॉटलंडचा. बिचाऱ्यांना मुंबईचा उन्हाळा सोसत नसे. कंपनीचे गोरे अधिकारी आजारी पडले की मेडिकल लीव्ह टाकून आफ्रिकेच्या टोकाला केप कॉलनीत नाहीतर थेट विलायतेला हवा बदलायला जात. त्या रजेचा खर्च आणि काळ मनात आणा. आमच्याकडे चार दिवसांच्या कावीळ-रजेसाठी तीन ठिकाणी सह्या लागतात. तेव्हा रजा जवळच्या जवळ उरकावी, हा त्या काळच्या कारभाराचा कळीचा प्रश्न होता. भारतातली थंड हवेची सगळी ठाणी या मेडिकल लीव्हपोटी जन्माला आली, असे म्हणायला हरकत नाही.

साडेचार हजार फुटांवरच्या या डोंगराचा शोध लागला तो १८२४ साली. शोध हा शब्द गॅझेटिअरवाल्यांच्या अर्थाने घ्यायचा. साताऱ्याच्या फौजेतला पीटर लॉडविक नावाचा अधिकारी उन्हाळ्यात जंगल तुडवत वर चढला आणि हवा काय झकास आहे ते त्याने जगाला कळवले. त्याआधी इथे पाच नद्यांचा उगम होता, यादवांच्या काळापासूनचे देवस्थान होते, जावळीचे मोरे होते, १६५६ साली मोऱ्यांना हटवणारे शिवाजी महाराज होते, जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला इथेच झाली होती. पण ही सगळी माणसे कामाला आलेली. हवा खायला कुणी आले नव्हते. लॉडविकने लावला तो शोध एवढाच, आणि तो कमी नाही. आज या तालुक्याची चूल त्याच हवेवर पेटते.

आता खाते कुणाचे होते ते पाहू. हा डोंगर साताऱ्याच्या राज्यात होता आणि राजे होते प्रतापसिंह महाराज. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ साली तह करून राज्य बांधून दिले. हे सगळे घडवले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. तो आपला एल्फिन्स्टन पॉइंट. प्रतापसिंह कारभाराला चोख, शिक्षणाची हौस असलेला, रोजनिशी ठेवणारा राजा. रोजनिशी ठेवणाऱ्या माणसाविषयी मला उपजत आदर आहे. दिवसाचे काम दिवसा लिहून ठेवणारा राजा आपल्या इतिहासात किती वेळा भेटतो?

साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज याने या राजाला गळ घातली आणि राजाने साताऱ्याहून वर डोंगरापर्यंत गाडीरस्ता करून दिला. १८२८ साली मालकमने प्रयोग म्हणून इथे दुखणाइतांसाठी इस्पितळ काढले. प्रयोग यशस्वी झाला. (पगारी रजेवर पाठवलेला माणूस थंड हवेत बरा वाटेनासा झाला, असे उदाहरण आमच्या बँकेच्या इतिहासातही नाही.) मग १८२९ साली रीतसर करार झाला. राजाने डोंगर कंपनीला द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीने राजाला एक गाव द्यायचे. गावाचे नाव खंडाळा.

इथे मी बाजारातच थांबलो आणि झेरॉक्स पुन्हा वाचली. सौ.ला वाटले, पाय दुखले. तर हे लोणावळ्याजवळचे सिनेमातले खंडाळे नव्हे. हे वाईकडचे, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढण्याआधी लागते ते. तिथून मी शेकडो वेळा गेलो आहे, आणि एस.टी.च्या खिडकीतून त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलेले नाही. एका पारड्यात अख्खे महाबळेश्वर आणि दुसऱ्या पारड्यात खंडाळा! आजच्या भावाने कुणी असा प्रस्ताव आमच्या टेबलावर आणला तर मॅनेजर आधी मूल्यांकन करणाऱ्याला घरी पाठवतील. पण १८२९ च्या भावाने पाहिले तर राजाचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. खंडाळ्याला शेती होती, सारा होता. वर काय होते? जांभळाची झाडे, वाघ आणि चार महिने कोसळणारा पाऊस. जो पाऊस कुणाला पेरणीला उपयोगी नाही त्याची किंमत कोण धरणार? राजाने उत्पन्नाचे गाव घेतले आणि दोस्तीखातर नव्या पेठेला मालकमचे नाव दिले. व्यवहार चोख आणि वागणे दिलदार. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात. पुढे काय झाले ते पाहायला मात्र कड्यावर जावे लागते.

आम्ही बाजार सोडून बाँबे पॉइंटच्या दिशेला लागलो. वाटेत झाडीमागे जुने बंगले दिसतात. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, पुढे खोल व्हरांडा. १८६४ सालचा फ्रिअर हॉल इथलाच. त्यात साहेबांचे वाचनालय असे. काही बंगल्यांची आता हॉटेले झाली आहेत आणि "हेरिटेज" या शब्दासाठी भाड्यात वेगळी रक्कम लागते. आम्ही एका फाटकातून नुसते डोकावलो. तिथल्या माणसाने नम्रपणे भाव सांगितला. चिरंजीवांनी तो मनातल्या मनात माझ्या पगाराने भागला, आणि आम्ही पुढे निघालो.

बाँबे पॉइंटच्या अंगाला दोन कडे आहेत. त्यांच्याकडे टॅक्सीवाले फारसे वळत नाहीत, कारण तिथे कणीस मिळत नाही. एकाचे नाव कारनॅक, दुसऱ्याचे फॉकलंड. माझी खतावणी खरी जुळली ती इथे.

सर जेम्स रिव्हेट-कारनॅक १८३९ साली मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. तोवर मालकम जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि प्रतापसिंह महाराजांचे कंपनीशी बिनसले होते. जहागीरदारांवर हक्क कुणाचा, यावरून तंटा. राजा तहाचे कलम दाखवी आणि साहेबाला कलम दाखवलेले आवडत नसे. मग राजावर आरोप आले: कंपनीच्या देशी पलटणीतल्या शिपायांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. कारनॅक साताऱ्याला आला आणि त्याने राजापुढे कागद ठेवला. मजकूर साधारण असा, की झाले ते चुकले असे कबूल करा, पुढे तहाप्रमाणे वागू म्हणा, सही करा, आणि गादी सांभाळा.

नोकरदार माणसाला या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगायला नको. आमच्याकडे मेमो येतो तेव्हा युनियनचे पुढारी, घरची माणसे, खुद्द मेमो देणारा साहेब, सगळे एकच सांगतात: "सही करून टाका हो, मिटवा." आणि माणूस सही करतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घरात मुलाची फी असते. प्रतापसिंह महाराजांच्या हातात तर अख्खे राज्य होते. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देणार नाही, असे सांगून त्यांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढले आणि काशीला नेऊन ठेवले. तिथेच १८४७ साली ते वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे राहून कंपनीच्या दारात अर्ज करत राहिले. एका अर्जाच्या पाठपुराव्यासाठी चौदा वर्षे! आमच्या पेन्शन विभागातले लोकसुद्धा हे ऐकून मान खाली घालतील.

ज्या कड्यावर उभे राहून मी हे वाचून दाखवत होतो, तो कारनॅक पॉइंट. ज्याने डोंगर दिला त्याला ज्याने काढले, त्याचे नाव डोंगराला.

चिरंजीव इतका वेळ दगड भिरकावत होते. ते थांबून म्हणाले, "बाबा, मग राजाचा पॉइंट कुठला?"

"कड्यांच्या यादीत नाही."

"आणि हा फॉकलंड?"

फॉकलंड हा पुढचा हप्ता. प्रतापसिंहांना काढल्यावर इंग्रजांनी त्यांचे धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. ते एप्रिल १८४८ मध्ये वारले. पोटचा मुलगा नव्हता, मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारा खालसा करून टाकले. डलहौसीने असे जे संस्थानांचे गिळंकृत सत्र चालवले, त्यातला पहिला घास साताऱ्याचा. त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरपदावर नुकताच येऊन बसला होता लॉर्ड फॉकलंड. त्याच्याआधीच्या गव्हर्नरने मात्र दत्तक मान्य करावा, राज्य घेऊ नये, असे स्पष्ट लिहून कळवले होते. त्या भल्या माणसाचे नाव सर जॉर्ज क्लार्क. इंग्रजी स्पेलिंग पाहाल तर आम्हा कारकुनांचे जे असते तेच, अक्षरशः तेच! गॅझेटिअर चाळले, पाट्या वाचल्या, टॅक्सीवाल्यांना विचारले. क्लार्क पॉइंट मला कुठे सापडला नाही. आमच्या जातीला साजेसेच झाले. फायलीवर योग्य शेरा लिहायचा, वरून तो खोडला जायचा आणि कड्याला नाव दुसऱ्याचे लागायचे.

आणि खंडाळे? राज्य खालसा झाले तेव्हा त्यातले खंडाळेही अर्थातच कंपनीकडे गेले. म्हणजे १८२९ साली डोंगर घेतला आणि मोबदला म्हणून गाव दिले. वीस वर्षांच्या आत राज्यासकट गाव परत घेतले, डोंगर आपल्याकडेच ठेवला. वाणिज्य शाखेच्या तीन वर्षांत मला कुणी इतके स्वच्छ उदाहरण दिले नव्हते. हे मी हेड कॅशियरना सोमवारी सांगितले तेव्हा त्यांनी नोटा मोजायचे थांबून विचारले, "म्हणजे तारण पण ठेवलं आणि कर्जाची रक्कम पण उचलून नेली?" साताऱ्याच्या खालसा होण्याचा याहून आटोपशीर इतिहास मी वाचलेला नाही.

ही नावे बदलावीत की काय, यावर आमच्यात लॉडविक पॉइंटच्या वाटेवर वाद झाला. सौ.चे मत, ताबडतोब बदलावीत. चिरंजीवांचे मत, बदलली तर मोबाईलला सापडणार नाहीत. माझे मत असे की या कामात साहेबाचा हात धरणारा कुणी नाही. आता ज्याला विल्सन पॉइंट म्हणतात, जिथे लोक पहाटे कानटोप्या घालून सूर्य उगवायची वाट पाहतात, तो डोंगर सिंदोळा. १९२० नंतरच्या दशकात लेस्ली विल्सन गव्हर्नर होता, तेव्हा सिंदोळ्याचा विल्सन झाला. केट ही मालकमची मुलगी. तिच्या कड्याचे आधीचे नाव नाकेखिंड. पण हे आपले, देशी नावांचे झाले. साहेबाने साहेबालाही सोडलेले नाही. कनॉट पीक आधी माउंट ऑलिंपिया होते. बादशाही घराण्यातले ड्यूक आले आणि ऑलिंपियाला खाली उतरावे लागले. लॉडविक पॉइंट आधी सिडनी पॉइंट होता. लॉडविक पुढे साताऱ्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून आला, जनरल झाला, नव्वदीचा होऊन १८७३ साली वारला, आणि दुसऱ्याच वर्षी मुलाने इथे वडिलांचा स्तंभ उभारला. सोंडेसारख्या निमुळत्या कड्यावर तो अजून उभा आहे. डोंगरावर पहिले पाऊल ठेवणारा युरोपियन, असे त्यावर लिहिले आहे. युरोपियन हा शब्द घालण्याचा प्रामाणिकपणा त्या मुलाने दाखवला, हे मला आवडले.

शिवाय लोकांनी आपल्या परीने नावे बदललेलीच आहेत. आर्थर मॅलेट नावाच्या अंमलदाराने ज्या कड्याशी घर बांधले, त्या आर्थर्स सीटला इथली माणसे सरसकट "आर्थरशीट" म्हणतात. मी ते प्रथम ऐकले तेव्हा बॅलन्सशीटचाच प्रकार वाटला होता.

एका जमातीचे नाव मात्र कुठल्याही कड्याला मिळाले नाही; फार तर एका धबधब्याला. चायनामन्स फॉल्स. १८३४ साली मालकम पेठेत तुरुंग बांधला आणि त्यात ठेवले चिनी आणि मलायी कैदी, पूर्वेकडच्या इंग्रजी मुलखातून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले. १८६४ पर्यंत हा तुरुंग चालू होता. या माणसांनी बटाट्याची आणि विलायती भाज्यांची लागवड केली, बागा फुलवल्या. त्यांची बागाईत जिथे होती त्या बाजूचा तो धबधबा. आज महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, तिचे आइस्क्रीम आहे, जॅम आहे, तिच्या आकाराची उशी आहे. पण या लाल मातीत विलायती पिकाला पहिले पाणी घालणाऱ्यांत बेड्यांचे हातही होते. त्यांना आजारी रजा नव्हती. हवा मात्र तीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेण्णा तलावाकडून क्षेत्राचा रस्ता धरला. सौ.चा बुटाचा दुसरा जोड कामी आला. तलाव १८४२ साली आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. म्हणजे थोरल्या भावाला काशीला पाठवून ज्यांना गादी मिळाली, ते आप्पासाहेब. आणि तलावाला लागूनच बाग आहे, तिचे नाव प्रतापसिंह उद्यान. काढलेला राजा आणि बसवलेला राजा शेजारी शेजारी, मध्ये घोडेवाले आणि भेळेच्या गाड्या. या भावाभावांनी आयुष्यात जे एकमेकांना बोलायचे राहिले असेल ते इथे शांतपणे बोलता आले असते, पण लाउडस्पीकर फार आहेत.

तलाव सोडला की रिसॉर्टांचा मुलूख लागतो. जुन्या साहेबाला व्हरांड्यात आरामखुर्ची पुरत असे. नव्या साहेबाला दरीच्या काठावर पोहण्याचा हौद लागतो, आणि त्याचे पाणी दरीत सांडते आहे असा भासही लागतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील भाग म्हणून जाहीर आहे. बांधकामाला नियम आहेत. आता खालच्या अंगाला कोयनेच्या बाजूला दोनशेहून जास्त गावांत "नवे महाबळेश्वर" करायचे सरकारी काम चालू आहे. जुन्यात जागा उरली नाही, म्हणून नवे. योजना बरी की वाईट, यावर दोन्हीकडून बोलणारी शहाणी माणसे आहेत. माझे कुतूहल एवढेच, की यंदाच्या करारात खंडाळे कुठले?

एका फाटकाशी आम्ही पाणी मागितले. खाकी कपड्यातला पन्नाशीचा माणूस खुर्चीवर बसला होता. त्याने आत न जाता स्वतःची बाटली दिली.

"पायीच निघालाय व्हय?" त्याने विचारले. "वैनींना बसू द्या जरा."

सौ. खुर्चीवर बसली. तो उभा राहिला आणि फाटकातून आतल्या हिरवळीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही हिरवळ दिसती न्हवं, तिथं आमची स्ट्रॉबेरी हुती."

"विकली?"

"वडलांनी इकली. थोरलीचं लगीन झालं, आन् साताऱ्यात फ्लॅट घेतला."

"मग तिकडं राहत नाही?"

"ऱ्हायलो की वरीसभर. उकडतं हो. झोपच यायची न्हाई." तो हसला. "जमीन इकली म्हनून हवा थोडीच इकली हुती? हितं नोकरी बघितली. रातपाळीबी चालती आपल्याला."

फ्लॅटवर कर्ज आहे का, असे माझ्या तोंडावर आले होते. सवय. मी ते गिळले आणि बाटली परत केली. मुलाने, न सांगता, त्याला वाकून नमस्कार केला. असे तो एरवी परीक्षेच्या दिवशीसुद्धा करत नाही.

क्षेत्राला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा मात्र वाईवरून, साताऱ्याजवळ माहुलीवरून, कऱ्हाडला कोयनेला घेऊन, आमच्या सांगलीत येते. मी ओंजळ धरली. नोकरीच्या गावाहून घराकडे दर शनिवारी मी जो प्रवास करतो, तो हे पाणी रोज करते, तेही रिझर्व्हेशनशिवाय.

नावांचा वाद सांगलीकराने करूच नये, हे मला तिथे आठवले. आमच्याकडे कृष्णेवर १९२९ साली सांगलीच्या राजेसाहेबांनी पूल बांधला. त्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने केले, म्हणून तो आयर्विन पूल. व्हाइसरॉय गेले, संस्थान गेले, आणि आयर्विन हे एका मापाचे नाव होऊन राहिले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या अष्टमांशही पडत नाही. पण वर जे पडते त्याचा हिशेब खाली आमच्या पुलाच्या खांबावर होतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणी कुणाची खुशाली विचारत नाही. "आयर्विन किती?" एवढेच विचारतात. २०१९ साली आयर्विन सत्तावन्न फुटांवर गेला होता. आमच्या खालच्या खोलीत तेव्हा कंबरभर पाणी होते. वडिलांनी ते ओसरल्यावर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली आहे. रंग देणाऱ्याला ती रेघ सोडून रंगवायला सांगतात.

पुढच्या शनिवारी मी सांगलीला गेलो आणि वडिलांना सगळी खतावणी सांगितली. मालकम, कारनॅक, फॉकलंड, सही न करणारा राजा, लंडनला चौदा वर्षे बसलेला वकील, खंडाळ्याची अदलाबदल. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मला वाटले, झोपले. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारले, "वर यंदा पाऊस एकंदर किती झाला होता, ते विचारलंस का कुणाला?"